रिदम अँड ब्लूज ऐकायचंय? रूथ ब्राउनपासून सुरू कर

अरे, पन्नास गायकांची यादी करत बसू नकोस. रिदम अँड ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं, ठेक्यावर चालणारं लोकप्रिय संगीत. त्यासाठी महिनाभर एकटी गायिका रूथ ब्राउन ऐक.

आधी 1949चं ‘सो लाँग’ लाव. संथ, जवळजवळ जॅझकडे झुकलेलं. मग लगेच 1953चं ‘मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’. मागे टॅम्बोरिन, म्हणजे खंजिरीसारखं वाद्य, वाजतंय, आणि सूर संपता संपता तिचा आवाज किंचित चिरकून वर उडतो. ती चिरक कानात बसली की तिला कुठेही ओळखशील. हेडफोन लावूनच ऐक. मोबाइलच्या स्पीकरवर निम्मी मजा जाते.

आता तिची गोष्ट. जन्म 1928चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. वडील चर्चमध्ये गायचे. 1948मध्ये न्यूयॉर्कला जाताना मोटार अपघातात पाय मोडले, कितीतरी महिने हॉस्पिटलात गेले. तरी पुढे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी तिने इतकी गाणी गाजवली, की लोक त्या कंपनीला ‘रूथनं बांधलेलं घर’ म्हणायचे. आणि हीच बाई साठच्या दशकात पोटासाठी लोकांच्या घरी धुणीभांडी करत होती! रॉयल्टीसाठी ती वर्षानुवर्षं भांडली. त्यातूनच 1988च्या सुमारास जुन्या कलावंतांना मदत करणारं रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. 1989मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, नाटकांसाठीचा टोनी पुरस्कारही मिळवला.

चकचकीत ‘बेस्ट ऑफ’ संग्रह घेताना मात्र रेकॉर्डिंगच्या तारखा बघ. पुष्कळदा उतारवयात पुन्हा रेकॉर्ड केलेली गाणी त्यात घुसडलेली असतात. तीही ऐक, पण नंतर.