वाचकांचे प्रश्न : कवितेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, 'क' वर्गातलं. कवितासंग्रहांचं अख्खं एक कपाट आहे पण वर्षाला दोन-चार पुस्तकं बाहेर जातात, बाकी सगळे वर्गणीदार कादंबऱ्या नाहीतर दिवाळी अंक मागतात. २७ फेब्रुवारीला कविसंमेलन ठेवलं, बावीस कवी आले आणि शेवटी ऐकायला उरलो मी आणि आमचा शिपाई. काय चुकलं? (एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा)

उत्तर : अहो तुमचं काही चुकलं नाही, कविसंमेलन असंच असतं! जो तो आपली कविता वाचतो आणि फोन आल्यासारखं करत चपला शोधायला लागतो. मी ग्रंथपाल होते तेव्हा मीही हे केलंय, वर पोह्यांचं बिल माझ्याच अंगावर आलं. मग आम्ही नियम केला की स्वतःची कविता वाचायची नाही, म्हणजे अजिबातच नाही, वाचायची ती आपल्याच कपाटातली आणि तीही पुस्तक हातात घेऊन. अर्धे कवी रुसले, यायचे बंद झाले (माफ करा कवीलोक, पण बरंच झालं), त्यांच्या जागी पोस्टातले एक काका यायला लागले, दोन शिक्षिका, एक बारावीतली मुलगी.

त्यातल्या एका बाईंनी इंदिरा संतांचा 'मेंदी' काढला. मागच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा! त्यांनी तीन कविता वाचल्या, साध्या आवाजात, हातवारे न करता, आणि टाळ्याच नाहीत, सगळे नुसते गप्प. मला वाटलं फसलं सगळं. तर दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलाशी तिघीजणी तेच पुस्तक मागायला हजर, आणि प्रत एकच, मग नंबर लावावे लागले.

त्याचं कारण मला असं वाटतं की कादंबरीचं मागचं पान वाचलं की आत काय आहे ते साधारण कळतं, कवितासंग्रह मात्र माणूस उभ्याउभ्या उघडतो, चार ओळी वाचतो, काही लागत नाही म्हणून परत ठेवतो, तेच कुणी नीट वाचून दाखवलं की ओळ कुठे थांबते ते कानाला समजतं. आपल्याकडे हे जुनंच आहे की. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं, त्या कवींनी कविता गाऊन लोकांपर्यंत नेली. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि पाडगावकर ही तिघं गावोगाव फिरली. विंदांची कविता काही सोपी नाही, पण लोक ऐकायचे ना.

तुम्ही महिन्यातला एक वार पक्का करा, पाऊण तास पुरे, एका वेळी एकच कवी. आणि एक गोष्ट नक्की पाळा, कार्यक्रम चालू असताना देवघेव बंद ठेवू नका! आपण सगळे तिथेच चुकतो, माणूस ऐकून तयार होतो आणि कपाटाला कुलूप. वाचलेली पुस्तकं टेबलावर मांडा, रजिस्टर उघडं ठेवा. कपाटावर नुसता ८९१.४६१ हा ड्युईचा (म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीतला) नंबर असेल तर खाली 'मराठी कविता' एवढं तरी मोठ्या अक्षरात लिहा, नंबर आपल्याला कळतो, वाचकाला नाही. आणि कपाट कुसुमाग्रज-पाडगावकरांशी थांबलंय का तेही एकदा बघा. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ', ढसाळांचा 'गोलपिठा', कोलटकरांची 'भिजकी वही' नसेल तर पुढच्या खरेदीत आधी ते घ्या. कार्यकारिणीत कुणीतरी 'गोलपिठा'तल्या रोखठोक भाषेला नाक मुरडेल, मुरडू दे.

प्रश्न : आम्ही वाचनालयात कविता वाचतो आणि रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. कॉपीराइटची काही भानगड होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाचणं आणि अपलोड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ आहे, त्यात छापलेल्या साहित्यातला वाजवी भाग लोकांसमोर वाचायला सूट आहे आणि हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमालाही आहे. यूट्यूबवर टाकायचं तर परवानगी घ्या, प्रकाशकाला एक साधी ईमेल करा. कवी गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. केशवसुत १९०५ ला गेले, बालकवी १९१८ ला, मर्ढेकर १९५६ ला, म्हणजे हे तिघं आता मोकळे, खुशाल टाका. कुसुमाग्रज गेले १९९९ ला, तुम्हीच हिशोब करा.

प्रश्न : ताई, माझ्या आजीला जात्यावरच्या खूप ओव्या येतात. मी वहीत उतरवतेय. असलं वाचनालय घेतं का, की फक्त छापील पुस्तकंच चालतात? (एक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : अगं तू जळगावची आणि हे मला विचारतेस? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरच्यांनी ऐकून ऐकून उतरवून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तक निघालं. जात्यावरच्या ओव्यांचं तर मोठं काम झालंय, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, 'परी' या संस्थेच्या वेबसाइटवर त्या हळूहळू येतायत, ऐकायलाही मिळतात, आजीला ऐकव.

वही वाचनालयाला द्यायची तर झेरॉक्स दे, मूळ वही घरात ठेव. ग्रंथपाल कुरकुरला तर म्हणावं दाखल नोंदवहीत एक नंबर टाका आणि ठेवा कपाटात. पण त्याच्या आधी आजीचा आवाज रेकॉर्ड कर, आणि ती 'व्हतं' म्हणाली तर तू 'होतं' लिहू नकोस. ओवी कुणासाठी, कुठल्या गावची, सासरची की माहेरची, हेही तिला विचार, ते विचारताना ती आणखी दहा ओव्या म्हणेल बघ, तेव्हा फोन चार्ज करून बस.