वेटेज ठरवत बसू नका, अटी घाला

कोथरूडच्या रिडेव्हलपमेंटमधल्या स्टिल्ट (खाली भिंतींशिवायचा पार्किंगचा मजला) अधिक 7 मजली इमारतीच्या ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे प्रोग्रामकडून सर्वांत योग्य डिझाइन शोधताना, ताकद, ड्रिफ्ट (भूकंपात मजल्याचं आडवं सरकणं), डक्टिलिटी (न तुटता वाकण्याची क्षमता) आणि आगीपासून संरक्षण यांना किती वेटेज (महत्त्वाचा वाटा) द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: देऊच नका. वेटेज दिलं की प्रोग्राम एकीकडची तूट दुसरीकडच्या शिलकीतून भरतो. ड्रिफ्ट छान आला म्हणून कमकुवत जॉइंट (बीम-कॉलमचा जोड) चालवून घेतो. या चारही गोष्टी अटी म्हणून घाला. कमी करायचा तो फक्त खर्च.

एका जागी वाढवलेली ताकद दुसरीकडे घात करते, हे मी साइटवर शिकलो. एका कामावर सपोर्टपाशी बीमच्या वरच्या बाजूला ‘सेफ राहील’ म्हणून दोन बार जास्त टाकले होते. आयएस 13920 (भूकंपासाठी काँक्रीटच्या डिटेलिंगचं भारतीय मानक) प्रमाणे जॉइंटपाशी कॉलमची एकूण मोमेंट क्षमता (वाकवणारा जोर पेलण्याची ताकद) बीमच्या किमान 1.4 पट लागते. बार वाढले, गुणोत्तर घसरलं. म्हणजे भूकंपात हिंज (सळया ताणून वाकण्याची जागा) बीमऐवजी कॉलममध्ये. शिवाय बीमचा डिझाइन शिअर (कापणारा जोर) त्याच्याच मोमेंट क्षमतेवरून काढतात, तोही वाढला, तो पेलणाऱ्या रिंगा (बारभोवतीच्या आडव्या सळया) मात्र तेवढ्याच. म्हणून ही तपासणी हिशेबात लागणाऱ्या स्टीलवर नको, प्रत्यक्ष बांधल्या जाणाऱ्या बारवर करा.

तुमच्या इमारतीत मला खरी काळजी स्टिल्टची आहे. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम. मॉडेलमध्ये भिंतींचं फक्त वजन घेतलं, त्यांची स्टिफनेस (ताठपणा) नाही, तर प्रोग्रामला सगळे मजले सारखेच दिसतात आणि 3 मीटर मजल्याला 12 मिमी ड्रिफ्टची मर्यादा (उंचीच्या 0.004 पट) आरामात पाळली जाते. 2001 च्या भूज भूकंपात केंद्रापासून 200 किमीहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवाल्या इमारती पडल्या. 2016 च्या आयएस 1893 (भूकंपाच्या जोराचं मानक) मध्ये पुणे भूकंपाच्या झोन 3 मध्ये आहे, आणि कोयना काही लांब नाही.

आर्किटेक्ट भिंतीत लपणारे 230 मिमीचे कॉलम मागेल. 300 मिमीच्या खाली जाऊ नका. आगीसाठीचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) आधीच ठरवून टाका, ते व्हेरिएबल (प्रोग्रामने बदलायची गोष्ट) नकोच.

आणखी एक. ऑप्टिमायझर प्रत्येक अट काठावर आणून ठेवतो. बीमचं वाकणं काठावर असलं तर तडे आधी दिसतात. शिअर, जॉइंट, स्टिल्टचे कॉलम मात्र न सांगता जातात, तिथे मर्यादाच कडक लिहा.

आधी भिंतींची स्टिफनेस धरून मॉडेल पुन्हा चालवा आणि स्टिल्ट व पहिल्या मजल्याच्या स्टिफनेसचे आकडे इथे टाका. शिअर वॉल (आडवा जोर पेलणारी काँक्रीटची भिंत) कुठे घालता येईल ते मग बघू.