निळ्या अल्पीनला तडे का गेले?

प्रश्न : बाबांनी खूप वर्षांपूर्वी एका स्नेह्यांकडून फ्रान्सहून मागवलेली छोटी निळी गाडी आमच्या शोकेसमध्ये आहे. तळाशी ‘अल्पीन रेनो’ असं लिहिलंय, दारावर २८ आकडा आहे. बाबा गेल्यानंतर परवा पुसायला म्हणून काढली, तर तळ वाकून फुगलेला, मागच्या चाकाच्या वर गाडीच्या अंगावर केसाएवढी भेग, आणि कोपऱ्याचा एक कपचा हातातच आला. गाडी कधी पडलेली नाही. सुपरग्लूनं चिकटवू का? आणि ही गाडी नेमकी कुठली?
(एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, चिकटवू नका. तो कपचा एका डबीत घालून ठेवा आणि आधी हे वाचा.

तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. हा रोग धातूच्या पोटातला आहे. या छोट्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूत ओततात. जस्तात साधारण चार टक्के अॅल्युमिनियम असतं आणि धातू चारशे अंशांच्या आतच वितळतो. म्हणून दाराची फट, वायपर, बंपरची कडा असलं नाजूक काम साच्यात स्वच्छ उतरतं. पण या जस्ताला शिसं अजिबात सोसत नाही. दहा हजार भागांत एक भाग शिसं म्हणजेसुद्धा पुष्कळ झालं. मग दमट हवेत धातूच्या कणांच्या सांध्यासांध्यांतून गंज आत शिरतो. गंजाला धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळं वस्तू आधी फुगते, मग वाकते, मग तडकते. वरचा रंग मात्र शेवटपर्यंत चकचकीत राहतो, म्हणून आपल्याला उशिरा कळतं.

मी शिवाजी उद्यमनगरात चौतीस वर्षं ओतकामाचे पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात ते नमुने) केले. संध्याकाळी झाडून गोळा केलेले तुकडे, तुटलेले रनर (साच्यात धातू जायच्या वाटेत थिजलेल्या दांड्या), मोडीतलं काहीबाही परत भट्टीत जाताना रोज बघितलंय. बिडाच्या कास्टिंगला ते चालून जातं. जस्ताच्या भट्टीत तशा मोडीबरोबर डागकामाचा, म्हणजे शिसं असलेला, एखादा तुकडा गेला, तरी त्या दिवशीच्या सगळ्या गाड्यांत रोग बसला. दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, एवढंच.

चिकटवू नका म्हणतो ते अनुभवानं. माझ्याकडं रेनो ८ गोर्डिनीची अशीच एक छोटी गाडी होती. निळा रंग, अंगावरून पुढून मागं गेलेले दोन पांढरे पट्टे. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरची रॅली, म्हणजे रस्त्यांवरची वेळेची मोटारशर्यत, खऱ्या गोर्डिनीनं १९६४ पासून लागोपाठ तीन वर्षं मारली होती. माझी छोटी जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून घेतली तेव्हा पुढच्या झाकणावर एकच बारीक रेघ होती, आणि तो रंगाचा ओरखडा आहे असं त्यानं सांगितलं. मी त्या रेघेत सुपरग्लू सोडला, घासून, रंगवून घेतलं. दोन पावसाळे गेले. डिंकाची रेघ जागच्या जागी राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंना नवे तडे गेले. तिसऱ्या वर्षी उचलायला गेलो तर शिळ्या भाकरीचा काठ मोडावा तसं ते झाकण चिमटीत मोडलं. पांढरे पट्टे अजून सरळच होते. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

आता तुमची गाडी. तळ आणि वरचं अंग वेगवेगळं ओतलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून तळ आधी बिघडलाय आणि फुगून वरच्या अंगाला आतून रेटतोय. चाकाच्या वरची भेग त्या दाबानं आली असेल तर गाडीचं अंग वाचण्याजोगं आहे. गाडी उलटी करा. दोन्ही टोकांना रिव्हेटची गोल डोकी दिसतील. तीन मिलिमीटरचं ड्रिल हँडचकमध्ये (हातानं फिरवायच्या पकडीत) धरून, हातानंच, सावकाश ती डोकी उडवायची. मशीन लावू नका, धक्का बसेल. घरात कुणाचा हात बसलेला नसेल तर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडं न्या. तळ सुटला की दाब गेला. अंगाच्या आतल्या बाजूला, जिथं रंग नाही तिथं, बारीक फोड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आहेत का ते भिंगानं बघा. नसतील तर अंग निरोगी आहे, तळ प्लॅस्टिकच्या शीटमधून नवा कापून बसवता येतो. असतील तर यावर औषध नाही. ते कुणी विकत असेल तर घेऊ नका. शेजारच्या गाड्यांना मात्र याची लागण होत नाही, त्यामुळं ती शोकेसमध्येच राहू द्या.

शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा पाझर फुटतो, तेव्हा पुड्या महिन्याला बदला. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांच्या वासानं प्लॅस्टिकच्या खिडक्या आणि दिवे मऊ पडतात.

आणि गाडी कुठली? २८ नंबरची निळी अल्पीन ए-११० म्हणजे १९७१ ची मॉन्टे कार्लो रॅली. चालक स्वीडनचा ओव्हे अँडरसन, शेजारी नकाशा-वही घेऊन डेव्हिड स्टोन. ते जिंकले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दिएप गावात जाँ रेदेले यांच्या कारखान्यात या गाड्या होत. इंजिन मागं, मध्ये लोखंडी कण्यासारखी चासी आणि वरचं अंग फायबरग्लासचं. म्हणजे खऱ्या गाडीचं अंग कधी गंजणारच नव्हतं. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, जागतिक रॅली स्पर्धा पहिल्यांदा भरली आणि कंपन्यांचं पहिलं विजेतेपद याच गाडीनं नेलं. त्या वर्षीच्या मॉन्टे कार्लोत पहिल्या तिन्ही गाड्या अल्पीनच होत्या.

नंबरप्लेट बघा. आपल्याला ‘एमएच ०९’ दिसलं की कोल्हापूर कळतं, तसं फ्रान्सच्या जुन्या प्लेटवरचे शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे. ७६ असेल तर तो दिएपचा जिल्हा. बाबांच्या गाडीवर ते ७६ शाबूत असेल तर त्याचा जवळून एक फोटो आजच काढून ठेवा.

प्रश्न : मी गडहिंग्लजला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन हजार रुपये साठवलेत. पूजो २०५ च्या रॅलीतल्या गाड्या जमवायच्या आहेत. स्वस्तातल्या तीन घेऊ की चांगली एक? खरी-खोटी कशी ओळखायची?
(एक विद्यार्थी, गडहिंग्लज)

उत्तर : एकच घे, आणि ती १९८५ च्या मॉन्टे कार्लोची, २ नंबरची घे. चालक अरी वातानेन, शेजारी टेरी हॅरीमन. वेळेच्या नाक्यावर ठरल्या मिनिटाच्या आधीच कार्ड पुढं केलं म्हणून त्यांना आठ मिनिटांचा दंड झाला होता. रॅलीत सेकंदांवर निकाल लागतात, आठ मिनिटं म्हणजे सगळं संपल्यातच जमा. वातानेननं बर्फातून ती आठ मिनिटं भरून काढली आणि वर वॉल्टर रोर्लच्या ऑडीला पाच मिनिटांहून जास्त मागं टाकलं. ही गोष्ट माहीत असलेली एक गाडी कपाटात असली की तिच्याकडं बघत तासभर जातो.

आता पारख. माझं ठाम मत आहे की छोटी गाडी म्हणजे एका गाडीचा एका दिवसाचा पुरावा. म्हणून विकत घेण्याआधी त्या रॅलीचे जुने फोटो शोध आणि गाडी त्यांच्याशी ताडून बघ. २०५ टर्बो १६ मध्ये, म्हणजे रॅलीतल्या २०५ मध्ये, एक मोठी खूण आहे. मागं उंच, रुंद पंख लावलेली सुधारित गाडी १९८५ च्या मे महिन्यात कोर्सिकाला उतरली. मॉन्टे कार्लो जानेवारीत असते. तेव्हा २ नंबर आणि मॉन्टे कार्लोचं पाटुकलं लावलेल्या गाडीवर तो मोठा पंख दिसला, तर कुणीतरी दोन गाड्यांचं एक केलंय. ती परत ठेव.

दुसरं, माप. तू डिप्लोमाचा आहेस, व्हर्नियर तुझ्या हाताशी आहे. या गाड्यांचं प्रमाण एकास त्रेचाळीस. (हा विचित्र आकडा खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आला. तिथं एका फुटाला सात मिलिमीटर धरत. फुटाचे मिलिमीटर ३०४.८, त्याला ७ नं भागून बघ.) खरी टर्बो १६ सुमारे ३ मीटर ८२ सेंटिमीटर लांब, म्हणजे तुझ्या हातातली ८९ मिलिमीटरच्या आसपास हवी. ९५ भरली तर ती या प्रमाणातली नाही, डबीवर काहीही छापलेलं असो.

धातूची घ्यायची की रेझिनची (साच्यात ओतून घट्ट झालेल्या प्लॅस्टिकची)? रेझिनच्या गाडीत दारं उघडत नाहीत, पण खिडकीच्या पट्ट्या, आतली पिंजऱ्यासारखी नळ्यांची चौकट, चिखलाच्या झडपा फार सुरेख येतात. पडली की मात्र तुकडे. होस्टेलवर राहत असशील तर धातूचीच घे. युरोपात वृत्तपत्रांच्या स्टॉलवर अंकासोबत मिळणाऱ्या मालिकांतल्या गाड्या स्वस्त असतात. त्यांच्या टायरवर आणि आरशांवर कमी मेहनत असते, पण नंबर आणि रंग बरेचदा बरोबर असतात. सुरुवातीला वाईट नाहीत. घेतलीस की चाकांवर उभी ठेवू नको, खाली पट्टी देऊन चाकं जराशी अधांतरी ठेव. मऊ टायरमधलं तेल झिरपून खालचं प्लॅस्टिक खातं. माझ्या एका रेनो ५ टर्बोच्या चार टायरचे चार काळे खळगे स्टँडवर कायमचे उमटलेत.

प्रश्न : माझ्या मामानं दिलेल्या फ्रेंच गाडीचे पुढचे दिवे पिवळे आहेत. मित्र म्हणतो कुणीतरी रंगवलेत. खरं का?
(इयत्ता आठवी, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : नाही बाळा, बरोबर आहेत. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पुढं पिवळेच दिवे लावायचा नियम होता. म्हणून जुन्या अल्पीनला, रेनोला, सिट्रोएनला पिवळे दिवे शोभतात. मात्र रॅलीत जादा दिवे बदलत असत, तेव्हा एखादा पांढरा दिसला म्हणून गाडी खोटी ठरवू नकोस, फोटो बघ. आणि पिवळा कुठं उडाला असेल तर पारदर्शक पिवळ्या रंगाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर घे, दिव्याच्या मधोमध टेकव आणि लगेच हात काढ. थेंब आपणहून कडेपर्यंत पसरतो. ब्रश लावलास तर ओघळ येईल.