ओपन सोर्स शिकवायला घेताय? मग हे बघा

सर, पहिल्याच तासाला लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचा १९९१ पासूनचा इतिहास सांगत बसू नका, सरळ लॅबमध्ये एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टचा, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येतो असा, कोड क्लोन (आपल्या मशीनवर कॉपी) करायला लावा, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) फुटू दे, एरर पोरांनाच मोठ्याने वाचू दे. आणि पुल रिक्वेस्टच्या (आपला बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या, या विनंतीच्या) आकड्यावर मार्क अजिबात नकोत, २०२० ला हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात ठरावीक रिक्वेस्ट पाठवल्या की टीशर्ट, असा उपक्रम) टीशर्टसाठी इतक्या फालतू रिक्वेस्ट आल्या की नियम मध्येच बदलावे लागले. मार्क द्यायचे ते रिव्ह्यूला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरने सुचवलेल्या दुरुस्त्यांना) उत्तर कसं दिलं यावर. आमच्या कोथरूडच्या लॅबमध्ये एका मुलीने एका प्रोजेक्टच्या मराठी अनुवादातली फक्त एक वेलांटी दुरुस्त केली, मेंटेनरने कमिट मेसेजसाठी (काय बदललं ते सांगणाऱ्या ओळीसाठी) तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा मर्ज झालं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलं गेलं, तेव्हा तिने तिथूनच आईला फोन लावला. फक्त लवकर सुरू करा, मेंटेनर काही आपली सबमिशनची तारीख बघून उत्तर देत नाही.