महापौराचं बटण कुठे आहे?

या सदरात एरवी सोसायटीचा मेन्टेनन्स, पेन्शनचे कागद आणि मुलांची लग्नं एवढ्याचीच पत्रं येतात. १५ डिसेंबर २०२५ ला पुणे महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि टपालाचा नूरच पालटला. मी राजकारणातली नव्हे. पण शाळेत शिकवता शिकवता २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशा चार निवडणुकांत मतदान केंद्रावर बसले आहे. त्या जोरावर उत्तरं देते.

प्रश्न : बाई, माझा मुलगा लंडनला असतो. पासपोर्ट अजून आपलाच आहे, तरी २०२४ मध्ये त्याने तिथल्या महापौराला थेट मत दिलं. मी जन्मल्यापासून पुण्यात, आणि मलाच पुण्याचा महापौर निवडता येत नाही. हा काय प्रकार? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : मुलगा खरं सांगतोय. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना तिथे राहत असले तर मत देता येतं. पण तुमची जळजळ वाढवायला लंडनपर्यंत जायलाच नको. माझी भावजय फुरसुंगीला राहते. २०१७ मध्ये तिचं गाव पुण्यात घेतलं, २०२४ मध्ये बाहेर काढलं आणि उरुळी देवाचीबरोबर वेगळी नगरपरिषद केली. डिसेंबर २०२५ मध्ये तिने थेट नगराध्यक्षाला मत दिलं आणि संध्याकाळी मुद्दाम फोन करून मला ऐकवलं. नगरपरिषदेचा अध्यक्ष लोक निवडतात, महापालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात. एवढाच फरक, पण भावजयीला पुरेसा झाला!

तेव्हा १५ जानेवारी २०२६ ला मशिनवर महापौराचं बटण शोधू नका. आपण १६५ नगरसेवक निवडणार आहोत आणि ते आपल्यातल्या एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करणार आहेत. पाच वर्षांत दोन महापौर. गेल्या खेपेला आधी मुक्ता टिळक होत्या आणि मग २०१९ पासून मुरलीधर मोहोळ. शिवाय हे पद खुलं, महिलेसाठी की आणखी कुणासाठी, याची सोडत मंत्रालयात निघते आणि हे लिहीपर्यंत ती निघालेलीच नाही. म्हणजे गल्लोगल्लीचे सगळे 'भावी महापौर' सध्या एका चिठ्ठीच्या भरवशावर आहेत.

आणि चिठ्ठी मनासारखी निघाली तरी ८३ डोकी जमवावी लागतात. २००७ आठवतंय ना? प्रचारात राष्ट्रवादी एकीकडे आणि शिवसेना-भाजप दुसरीकडे. निकाल लागल्यावर तिघे एकत्र बसले, कलमाडींची काँग्रेस बाहेर राहिली आणि राष्ट्रवादीच्या राजलक्ष्मी भोसले महापौर झाल्या. त्याला 'पुणे पॅटर्न' असं भारदस्त नाव मिळालं. आमच्या स्टाफरूममध्ये दोन सहकारी महिनाभर एकमेकींशी भांडल्या होत्या. त्यांना कळेना, आता बोलायला लागायचं की नाही.

आता माझं मत. मुलाला विचारा, लंडनच्या महापौराच्या हाताखाली काय काय असतं. शहराच्या बस आणि भुयारी रेल्वे चालवणारी यंत्रणाच त्याच्याकडे असते. आपल्याकडे बस पीएमपीएमएल या वेगळ्या कंपनीकडे, मेट्रो महामेट्रोकडे. महापालिकेचा कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे आणि खर्चाच्या किल्ल्या स्थायी समितीच्या १६ सदस्यांकडे. महापौर मुख्य सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात आणि शहराचे प्रथम नागरिक म्हणवतात. अधिकार तेच ठेवून महापौर थेट निवडायचा, म्हणजे वरमाईला खुर्ची पहिल्या रांगेतली आणि कोठीची किल्ली आचाऱ्याच्या कमरेला. मला त्यात रस नाही. अधिकार देणार असाल तर पहिलं मत माझं.

प्रश्न : आमच्या प्रभागात मी एकाच उमेदवाराला ओळखते. बाकी तिघं कोण, काही पत्ता नाही. एकच मत देऊन आले तर चालेल का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : २०१७ चा किस्सा सांगते. पर्वतीच्या बाजूच्या एका शाळेत माझी ड्युटी होती. सकाळी एक आजोबा कडक इस्त्रीत आले, एक बटण दाबलं आणि ऐटीत दाराकडे निघाले. मशीन गप्प. मी म्हटलं, "आजोबा, अजून तीन राहिलीत." ते म्हणाले, "मला एकच माणूस पसंत आहे." मागे रांग थांबलेली, कारण चारही मतं झाल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही. मी त्यांना 'नोटा' समजावून सांगितला. ते परत गेले, तीन वेळा 'नोटा' दाबला आणि बीप वाजल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आधी सांगायचंत."

तुम्हाला आधी सांगते. चार जागा आहेत : अ, ब, क, ड. मतपत्रिकेचे रंग अनुक्रमे पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा आणि फिका निळा. प्रत्येक जागेला एक मत आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र 'नोटा'. एका जागेचं मत दुसऱ्या जागेवर टाकता येत नाही. चौघं एकाच पक्षाचे हवेत असंही नाही, प्रचारवाले 'पॅनेल टू पॅनेल' म्हणून कितीही ओरडोत. आंबेगाव-कात्रजच्या ३८ क्रमांकाच्या प्रभागात जागा पाच, म्हणून तिथे मतंही पाच. आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी या निवडणुकीत नसते, ती शोधत उभ्या राहू नका.

पण अजून दिवस आहेत. बाकी तिघांनाही दारात आल्यावर काहीतरी विचारा की!

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये १८ वर्षांची झाली. यादीत नाव नाही. (एक वाचक, वारजे)

उत्तर : नसणारच. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली आहे. नोंदणी मात्र आत्ताच करून टाका.

प्रश्न : चार नगरसेवक निवडून आल्यावर त्यातला 'माझा' कोणता? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : चारही. अ, ब, क, ड ही आरक्षणाची सोय आहे, गल्ल्यांची वाटणी नव्हे. २००७ मध्ये एका वॉर्डाला एकच नगरसेवक होता, त्यामुळे कुणाच्या दारात जायचं हे ठाऊक असायचं. २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ मध्ये चार. काम झालं तर फलकावर चौघांचे फोटो, आणि अडलं तर "ते त्यांच्याकडे आहे". 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकांच्या निधीतून आलेल्या बाकांवर नावं बघा, तुमच्या लक्षात येईल. मी एक करते : तक्रार लेखी द्यायची, क्षेत्रीय कार्यालयाची पोच घ्यायची आणि त्या पोचेचा फोटो चौघांनाही एकाच वेळी पाठवायचा. मग ढकलायला तिसरं दार उरत नाही.

प्रश्न : अपक्षाला मत देणं म्हणजे वाया घालवणं, असं यजमान म्हणतात. एकटा माणूस सभागृहात काय करणार? (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : यजमानांना जुनी गोष्ट सांगा. १८७६ पासून काही वर्षं जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा विरोध करणारे ते एकटेच होते. पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ठराव मंजूर झाला, हेही यजमानांना सांगा. पण मंजूर करणाऱ्यांतली किती नावं त्यांना आठवतात, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : १४ ला संक्रांत, १५ ला किंक्रांत. सासूबाई म्हणतात, करिदिनी शुभ काम करायचं नाही. मतदानाला जायचं की नाही? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : सासूबाईंचं शास्त्र बरोबर आहे. पण करिदिनी नवं काम सुरू करत नाहीत. हे तर मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यापासून तुंबलेलं जुनं काम आहे. सकाळी साडेसातला केंद्र उघडतं, साडेपाचला बंद होतं. सासूबाईंनाही घेऊन जा. आणि आदल्या दिवशी कुणा उमेदवाराच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं आणि वाण म्हणून कुकर दिसला, तर तिळगूळ तेवढा घ्या.