वाचकांचे प्रश्न : कंट्री बॅलडमधलं दुःख

प्रश्न : अमेरिकन कंट्री गायक जॉर्ज जोन्सच्या ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’वर लोक इतके का रडतात? प्रेम संपलं, एवढंच तर आहे.

प्रेम संपलेलं नाही, तो माणूस वारला आहे. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, हा शब्द त्याने पाळला. गीतकार बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पटमन यांनी ही बातमी फार शिताफीने लांबवली आहे. गाणं त्याचा मित्र सांगतो. आधी भिंतीवरचा तिचा फोटो, मग जपून ठेवलेली जुनी पत्रं. त्यानंतर मित्र म्हणतो, आज त्याला भेटलो; डोळ्यांत पाणी नव्हतं, छान कपडे घालून निघाला होता, कित्येक वर्षांनी हसला. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, सावरला बिचारा. आणि लगेच ध्रुवपदात दारावरचं शोकाचं पुष्पचक्र येतं. पुढे त्याची प्रेयसी अंत्यदर्शनाला येते, तो भाग जोन्स गात नाही, बोलतो. निर्माता बिली शेरिलने आग्रह धरला म्हणून तिचं येणं नंतर लिहिलं गेलं. 1980 साली गाणं आलं, तेव्हा ते फारच दुःखी आहे असं खुद्द जोन्सचं मत होतं. पुन्हा ऐकाल तेव्हा फक्त त्या हसण्याच्या ओळीकडे लक्ष द्या. सगळा घाव तिथे आहे.

प्रश्न : आज असं कुणी लिहितं का?

हो. मिरांडा लॅम्बर्टचं ‘द हाउस दॅट बिल्ट मी’ (2010) ऐका. एक बाई आपल्या जुन्या घराच्या दारात उभी राहून तिथल्या अनोळखी मालकिणीला आत येऊ देण्याची विनंती करते. बस, एवढंच कथानक.

प्रश्न : या गाण्यांत मागे रडल्यासारखं वाजतं ते वाद्य कोणतं?

पेडल स्टील गिटार. आपण जिला हवाइयन गिटार म्हणतो, तिच्याच कुळातली. सहसा दहा तारा, डाव्या हातात पोलादी कांडी. पण नुसत्या कांडीने सगळ्या तारा एकत्र सरकतात. पेडल दाबलं की एखादीच तार ताणली जाते: ई-नाइन नावाच्या जुळणीत एका पेडलने (पाश्चात्त्य स्वरनावांत) बी चा सी शार्प होतो, दुसऱ्याने जी शार्पचा ए. बाकीचे सूर जागेवर आणि एकच वर चढतो, म्हणून हुंदक्याचा भास होतो. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. सूर विरू लागला की वादक तो हळूच उचलून धरतो. गायक वेब पियर्सच्या ‘स्लोली’त (1954) बड आयझॅक्सने हे वाजवलं आणि कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलमध्ये सगळे वादक या युक्तीच्या मागे लागले.

प्रश्न : हँक विल्यम्सचं ‘आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय’ गिटारवर बसवतोय. मजा येत नाही. काय चुकतं?

बहुधा उजवा हात. गाणं तीन मात्रांचं आहे. जी, जी सेव्हन, सी आणि डी सेव्हन या कॉर्ड पुरतात. पहिल्या मात्रेला अंगठ्याने फक्त खर्जाची तार छेडा (जी ला सहावी, सी ला पाचवी, डी सेव्हनला चौथी), पुढच्या दोन मात्रांना खालच्या तीन बारीक तारांवर हलका हात. तिन्ही मात्रांवर सारखा जोर दिला की झोका मरतो.

दुसरी चूक गळ्याची. भावगीताची सवय असलेले गायक प्रत्येक ओळीच्या शेवटी मुरकी घेतात. इथे सूर सरळ ठेवा आणि शब्द बोलल्यासारखे टाका. ध्रुवपद नाही, चारच कडवी आहेत, आणि जिच्यासाठी हा जीव तुटतोय तिचा उल्लेख थेट चौथ्या कडव्यात येतो. तोवर पक्षी, आगगाडी, चंद्र एवढंच. पहिल्याच कडव्यात आवाज कातर केलात, तर चौथ्यासाठी काही उरत नाही.