पंच व्हायचंय म्हणणारा मुलगा आणि गॅलरीतले बाबा

कोल्हापूरच्या एका पालकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ८४ टक्के, आता सीईटीचा क्लास चालू आहे. लहानपणापासून फुटबॉलचा नाद. मागच्या वर्षी गुडघा दुखावला तेव्हापासून खेळ कमी झाला, आणि आता म्हणतो, मला रेफ्री व्हायचंय. शाळेच्या मॅचला शिट्टी घेऊन उभा राहतोय. परीक्षेपर्यंत त्याची शिट्टी आणि ती लाल-पिवळी कार्डं मी कपाटात घालून कुलूप लावलंय. अहो, ज्याला आम्ही शाहू स्टेडियमच्या गॅलरीतनं इतकी वर्षं शिव्या घातल्या, ते काम आमच्या पोरानं करायचं? आणि आता युरोपात व्हीएआर आलंय, व्हिडिओ बघून निर्णय तपासतात. ऑफसाइड, म्हणजे खेळाडू बचावफळीच्या पुढे उभा होता का, तेही कॉम्प्युटर देतोय. पाच-दहा वर्षांत एआय सगळंच करेल, मग रेफ्री लागतोय कशाला? कतारच्या मॅचमध्ये आपल्याला हरवलं ते रेफ्रीनंच की! यंत्र असतं तर असं झालं असतं काय? त्यापेक्षा त्याला कॉम्प्युटरला घालतो, व्हीएआरचं सॉफ्टवेअर बनवू दे. कुठली ब्रँच घ्यावी ते सांगा."

ब्रँचचं आधी सांगून टाकते. कॅमेऱ्याच्या चित्रावरून खेळाडू आणि चेंडू ओळखणारी प्रणाली बनवायची तर कॉम्प्युटर किंवा एआय-डेटा सायन्स. सीईटी, कॅप राउंड तुम्हाला पाठ असेलच. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता त्या कुलपाबद्दल. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाइल असतो, बाइकची किल्ली असते, कुणाच्या खिशात आणखी काय काय सापडतं. तुमच्या मुलाकडे सापडली शिट्टी, आणि तुम्ही ती जप्त केलीत. पत्र तीन पानांचं आहे. त्यात तुमचं म्हणणं आहे, त्याच्या मामांचं आहे, क्लासच्या सरांचंही आहे. मुलाला पंच का व्हायचंय, याचं त्याच्या तोंडचं एक वाक्यही नाही. तुम्ही त्याला विचारलंय का? माझा अंदाज, नाही. कारण उत्तर ऐकायच्या आधीच तुम्हाला गॅलरी ऐकू आली.

तंत्रज्ञानाचा मुद्दा तुम्ही नंतर शोधून काढलात, असं मला पत्र वाचताना सतत वाटत राहिलं. पोरगा मैदानात उभा राहिला की पहिल्या चुकीला त्याच्या आईचा उद्धार होणार, आणि तो करणारे तुमच्याच तालमीचे, म्हणजे तुमच्याच फुटबॉल संघाचे, तुमच्याच शेजारी बसणारे दोस्त असणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही स्वतः ते केलंय. तेव्हा खाली उभा असलेला माणूसही कुणाचा तरी मुलगा होता, हे तुमच्या लक्षात आज आलं असेल तर बरंच झालं. पण त्याची भरपाई पोराच्या कपाटाला कुलूप घालून होत नाही.

भीती मात्र अजिबात खोटी नाही. ११ डिसेंबर २०२३ ला तुर्कस्तानात अंकारागुजू क्लबचा अध्यक्ष सामना संपल्यावर मैदानात उतरला आणि त्याने हलिल उमुत मेलेर या पंचाच्या तोंडावर ठोसा मारला. मेलेर खाली पडल्यावर इतरांनी त्याला लाथा घातल्या. तिथल्या फेडरेशनने सगळ्या लीग थांबवल्या आणि आठवडाभराने त्या पुन्हा सुरू झाल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हौशी सामन्यांच्या पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून बघायची वेळ आली, गुन्हे शोधायला नव्हे, शिवीगाळ आणि मारहाण रोखायला. हे मुलाला स्पष्ट सांगा. "लोक काय म्हणतील" याच्या आडून नको, "मला तुझी काळजी वाटते" असं सांगा. ते त्याला कळेल.

आता यंत्र पंचाची जागा घेणार या समजाकडे येते, कारण हा फक्त तुमचा नाही, दर दुसऱ्या पालकाचा आहे. टेनिसमध्ये तो खरा ठरलाही. २०२५ च्या विम्बल्डनला रेषेवरचे पंच पूर्ण गेले. आधी त्या स्पर्धेला असे सुमारे ३०० जण लागत. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे मोजायचं काम आहे आणि मोजमापात कॅमेरा माणसाला हरवतो. (त्याच वर्षी सेंटर कोर्टवर कुणाच्या तरी हातून कोर्टाच्या एका भागातली प्रणाली बंद पडली, चेंडू उघड बाहेर जाऊनही आवाज आला नाही आणि खुर्चीतल्या पंचाला तो गुण पुन्हा खेळवावा लागला, ते सोडा.) फुटबॉलमध्येही मोजमापाची कामं यंत्राकडे गेली आहेत, आणि जायलाच हवी होती. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला, जगाने टीव्हीवर बघितला, पंचांना दिसला नाही. त्यानंतर २०१२ मध्ये गोलरेषेचं तंत्रज्ञान मान्य झालं. २०२२ ला कतारमध्ये ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. तरीही यंत्राने दिलेला इशारा आधी व्हिडिओ खोलीतला माणूस तपासायचा, मगच मैदानावर कळवायचा.

ही खोलीच तुमच्या नजरेतून सुटली आहे. व्हीएआर ही पेटी नाही, ते पद आहे. तिथे बसतो तो पंचच, सध्या काम करणारा किंवा निवृत्त. पूर्वी सामन्याला मुख्य पंच, दोन झेंडेवाले (सहायक पंच) आणि चौथा अधिकारी, असे चार जण पुरायचे. व्हीएआर आल्यावर त्यात किमान दोघांची भर पडली. म्हणजे ज्या तंत्रज्ञानाने पंच संपणार म्हणता, त्याने पंचांची माणसं वाढवली. आणि त्या खोलीत जायचा रस्ता इंजिनीअरिंग कॉलेजातून जात नाही, मैदानातून जातो. सॉफ्टवेअर बनवणारा वेगळा, निर्णय देणारा वेगळा. तुमच्या मुलाला दुसरं हवंय आणि तुम्ही त्याला पहिलं देताय.

कॅमेरा असूनही काय होतं त्याचा नमुना बघा. ३० सप्टेंबर २०२३, लंडन, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल केला, झेंडेवाल्याने ऑफसाइड दिला. व्हिडिओ खोलीत रेषा ओढून बघितल्या. रेषा बरोबर, खेळाडू ऑनसाइड. मग अडलं कुठे? खोलीतल्या पंचाला वाटलं की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्याने "तपासणी पूर्ण" एवढंच कळवलं. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड कायम. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत रिप्ले चालवणाऱ्याच्या लक्षात आलं, खोलीत गोंधळ उडाला, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही असा नियम. लिव्हरपूल २-१ ने हरलं, आणि पंचांच्या संस्थेला चूक माणसांची होती हे कबूल करावं लागलं. यंत्र त्या दिवशी शंभर टक्के बरोबर होतं! चार शब्द नीट बोलायला कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण तर तुम्ही बघितलंच असेल. ३ मार्च २०२३, आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) बाद फेरीचा सामना, बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली आणि गोल झाला. केरळचे खेळाडू मैदान सोडून गेले, पुढे क्लबला ४ कोटींचा दंड झाला. हा गोल घेऊन कितीही कॅमेरे लावा. वाद चेंडू कुठे होता याचा नव्हताच, खेळाडूंना शिट्टीची वाट बघायला सांगितलं होतं की नाही याचा होता. हे पंचाच्या बोलण्यातून, हाताच्या खुणेतून, उभं राहण्यातून ठरतं. पेनल्टी क्षेत्रातला धक्का फाउल की नाही, या टॅकलला पिवळं की लाल, तापलेल्या दोन खेळाडूंना कार्ड दाखवायचं की बाजूला घेऊन दोन शब्द बोलायचे, ही कामं मला तरी पुढच्या वीस वर्षांत कॅमेऱ्याकडे जाताना दिसत नाहीत. आणि गेली तर सामना बघायला मी जाणार नाही.

कतारबद्दल तुमचं बरोबर आहे. ११ जून २०२४ ला दोह्यात चेंडू गोलच्या बाजूची रेषा ओलांडून गेला होता, तो परत आत ओढून कतारने बरोबरी केली, आपण २-१ ने हरलो आणि विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडलो. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. असतं तर तो गोल गेला असता, यात शंका नाही. पण मग प्रश्न असा की व्हीएआर असतं कुठे? २०१४ ला सुरू झालेल्या आयएसएलमध्ये २०२४-२५ च्या मोसमापर्यंत ते नव्हतं. तुमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब या सामन्याला ते कधी येईल, तुम्हीच सांगा. जगातले बहुतेक सामने असेच होतात: दोन संघ, एक चेंडू, शिट्टीवाला आणि झाला तर झेंडेवाला. तिथे पंचगिरी वाईट असते कारण पंच कमी आहेत, त्यांना सामने कमी मिळतात, सामन्यानंतर चूक दाखवून देणारं कुणी नसतं, आणि शहाणी मुलं शिव्यांना कंटाळून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडून देतात. गॅलरीत बसून "आपल्याकडे चांगले रेफ्रीच नाहीत" म्हणणाऱ्यांनी घरातल्या कपाटांकडे एकदा बघावं.

आता मुलाच्या बाजूनेही गोड बोलणार नाही. पंचगिरीवर आपल्याकडे घर चालत नाही. बहुतेक पंच नोकरी सांभाळून हे करतात, पूर्णवेळ करारावर असलेले फार थोडे. वरचं टोक फार निमुळतं आहे. पुरुषांच्या विश्वचषकात काम केलेला भारतीय म्हणून मला एकच नाव सांगता येतं, २००२ चे सहायक पंच के. शंकर. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. तेव्हा पदवी हवीच, नोकरी हवीच. त्याने "पंच व्हायचंय म्हणून इंजिनीअरिंग नको" म्हटलं असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. तसं त्याने म्हटल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. पदवी आणि शिट्टी यांत भांडण तुम्ही लावलंय. फिफाच्या यादीत मुख्य पंच म्हणून नाव यायला किमान २५ वर्षांचं असावं लागतं. पोरगा आज १७ चा. मधल्या आठ वर्षांत चार वर्षांची पदवी आरामात बसते, आणि रविवार उरतातच.

एका गोष्टीची काळजी तुम्ही करायला हवी होती ती मात्र केली नाही. गुडघा. पत्रात तो एका ओळीत येऊन गेला. पंच सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो, त्यातलं काही उलटं आणि आडवं. फिफाच्या पुरुष पंचांची चाचणी अशी असते: ४० मीटर सहा वेळा, दर वेळी ६ सेकंदांत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, आणि हे चाळीस वेळा. जिल्हा पातळीवर इतकं कडक नसतं, पण दिशा हीच. खेळायला न चालणारा गुडघा पंचगिरीला चालेल हा त्याचा समज असेल तर तो आजच काढायला हवा. खेळाच्या दुखापती बघणाऱ्या अस्थितज्ज्ञांना दाखवा, एमआरआय सांगितला तर करा, फिजिओकडे तीन महिने नियमाने पाठवा. गुडघा नाहीच म्हणाला तर सामना निरीक्षक, पंच प्रशिक्षक किंवा तुमचं ते ब्रँचचं स्वप्न, असे रस्ते आहेत, आणि तेव्हा मी तुम्हाला आनंदाने दुसरं पत्र लिहीन.

गुडघा ठीक असेल तर क्रम सोपा आहे. सीईटी होऊ द्या. त्यानंतर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमध्ये जाऊन पंच परीक्षा आणि शिबिराची चौकशी करा. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय अशा पायऱ्या चढायच्या असतात. नियमांचं पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, तोवर ते त्याने वाचून काढावं. ऑफसाइड आणि हाताचा चेंडू हे दोन नियम तुम्हीही वाचा. गॅलरीतल्या निम्म्या आरडाओरड्याचा पाया तिथेच कच्चा असतो.

आणि अर्जावर पालक म्हणून सही लागली तर ती तुम्ही करा, मामांना पाठवू नका. सुरुवातीला त्याला लहान मुलांचे सामने मिळतील. पुढे मोठे मिळू लागले की तुमच्या तालमीच्या सामन्याला त्याने उभं राहायचं नाही, हे त्याला आधीच बजावा. संयोजकांनी नाव घातलं तर त्याने स्वतः जाऊन सांगायचं की माझं घर या तालमीचं आहे, मला दुसरी मॅच द्या. तुम्हाला त्याचा सामना बघायचा असेल तर दुसऱ्या दोन संघांचा बघा, आणि दोस्तांना सोबत नेऊ नका.